पत्ता कॉलेजचा, मुदत तीन वर्षांची

एफवायचे वर्ग सुरू होऊन पंधरवडा झाला की वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ येऊन पडते. तीन रकाने: नाव, ईमेल आयडी, पासवर्ड. आयडी लांबलचक. आधी नाव, मग टिंब, मग आडनाव, मग प्रवेशाचं साल, कधी शाखेची दोन अक्षरं, कधी रोल नंबर, मग ॲट, कॉलेजचं आखूड केलेलं नाव आणि शेवटी डॉट एसी डॉट इन किंवा डॉट ईडीयू डॉट इन. वर्गात दोन स्नेहल पाटील निघाल्या तर दुसरीच्या नावापुढे एक आकडा लागतो आणि तीन वर्षं तो तिची पाठ सोडत नाही. पासवर्ड मात्र बहुतेकदा सगळ्यांचा एकच. कॉलेजचं नाव, ॲट, एक-दोन-तीन. पहिल्या लॉगिनला तो बदलायचा असतो. ज्यानं चार दिवस लॉगिनच केलं नाही, त्याच्या नावानं वर्गातला कोणीही आत शिरून पासवर्ड बदलून बसू शकतो, कारण यादी सगळ्यांच्याच फोनमध्ये आहे. असे प्रकार होतात. मस्करीत होतात आणि ऑफिसातल्या सरांकडे अर्ज देऊन मिटतात.

घोडबंदर रोडवरची इंजिनिअरिंग कॉलेजं घ्या, चेंदणीत खाडीच्या कडेची कला-वाणिज्य-विज्ञानाची घ्या, नाहीतर डोंबिवली एमआयडीसी आणि कल्याण पश्चिमेची. थोड्याफार फरकानं कारभार हाच. मुलाला आयुष्यात पहिल्यांदा एखादी संस्था आपल्या नावाचा पत्ता देते. हा आमचा विद्यार्थी आहे, असं कॉलेज त्यातून जगाला सांगत असतं. मुलाला मात्र तो फक्त ‘क्लासरूमला लागतो तो आयडी’ वाटतो. आणि कॉलेजलाही फार वेगळं काही वाटतं असं दिसत नाही. दिला, यादी लावली, काम संपलं.

मुलाचा ‘खरा’ मेल आयडी त्याच्या कितीतरी आधी जन्मलेला असतो. बऱ्याचदा तो मुलानं काढलेलाच नसतो. डोंबिवली पूर्वेला स्टेशनातून बाहेर पडलं की झेरॉक्सच्या दुकानांवर पाट्या दिसतात: ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील. अकरावीचा प्रवेश, सीईटी, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, जातपडताळणी, पॅनकार्ड, सगळं. जूनमध्ये तिथे आई, मुलगा आणि प्लास्टिकच्या फोल्डरमधली कागदपत्रं यांची रांग असते. दुकानदार मान वर न करता विचारतो, ‘मेल आयडी आहे का?’ नसेल तर तोच दोन मिनिटांत काढून देतो. मुलाचं नाव, जन्मसाल, पासवर्ड म्हणून मोबाईल नंबर. आयडी आणि पासवर्ड फॉर्मच्या प्रिंटवर पेनानं लिहून देतो. तो कागद घरी टीव्हीच्या खालच्या खणात जातो. रिकव्हरीसाठी नंबर बाबांचा. पुढे दोन वर्षांनी सीईटीच्या पोर्टलवर ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं की ओटीपी बाबांच्या फोनवर जातो, आणि बाबा त्या वेळी विक्रोळी-घाटकोपरच्या मध्ये गर्दीत फोनही बाहेर काढू शकत नसतात. दहा मिनिटांत ओटीपी मेला. बाबांनी मधल्या काळात सिम बदललं असेल तर तो आयडी गेला तो गेलाच, आणि त्याच्याबरोबर त्यावर नोंदवलेले अर्जही.

याच दुकानदारांकडून एक गोष्ट कळते. कॉलेजचा मेल आयडी फॉर्ममध्ये टाकावा असं सुचवणारा मुलगा क्वचित येतो, आणि आला तर हेच त्याला परावृत्त करतात. ‘तो नको रे, कॉलेज संपलं की बंद होतो.’ सल्ला अगदी बरोबर आहे. शिष्यवृत्तीचा हप्ता कॉलेज संपल्यावरही येऊ शकतो. पण मग कॉलेजचा आयडी नेमका वापरायचा कुठे, हे ना दुकानदार सांगत, ना कॉलेज.

मेलचं एक अधिकृत काम तर कॉलेजचा आयडी मिळण्याआधी, प्रवेशाच्या दिवशीच येतं. रॅगिंगविरोधी हमीपत्र. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगानं नियम आणले. (महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा त्याहून दहा वर्षं जुना, १९९९चा.) आता विद्यार्थी आयोगाच्या संकेतस्थळावर हमीपत्र भरतो, त्याला नोंदणी क्रमांकाचा मेल येतो, आणि तो मेल त्यानं कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याला फॉरवर्ड करायचा असतो. म्हणजे देशातल्या कॉलेजविद्यार्थ्याचं पहिलं अधिकृत ईमेल-काम आयोगानंच आखून दिलंय. आपल्याकडे त्याचं काय होतं? झेरॉक्सवाला फॉर्म भरतो, प्रिंट काढतो, आईवडिलांची सही घेतो, आणि प्रिंट कॉलेजच्या खिडकीवर जमा होते. फॉरवर्ड करायचं राहून जातं, किंवा दुकानाच्याच मेलवरून होतं.

हे सगळं पाहताना एक जुनी गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. ती ठाण्यापासून फार लांबची नाही. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं ‘अर्नेट’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. सुरुवातीला आठ ठिकाणं: मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर आणि मद्रास या पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, खुद्द इलेक्ट्रॉनिक्स खातं आणि जुहूची एनसीएसटी, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र. १९८७ मध्ये जुहूच्या एनसीएसटी आणि पवईच्या आयआयटीमध्ये साध्या टेलिफोन लाइनवरून ईमेल सुरू झाला. एनसीएसटीचे तेव्हाचे प्रमुख श्रीनिवासन रमणी यांना २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं, ते या कामासाठी. विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ला. मधली सात-आठ वर्षं या देशात ईमेल पत्ता हवा असेल तर अशा एखाद्या संस्थेत असणं हाच जवळपास एकमेव मार्ग होता. पवईच्या पोराकडे पत्ता होता. दोन डोंगर ओलांडून ठाण्याच्या बीएस्सीच्या पोराकडे नव्हता, आणि त्याला तो असू शकतो हेही ठाऊक नव्हतं.

मग चित्र उलटं झालं. जुलै १९९६ मध्ये हॉटमेल आलं, पाठोपाठ रेडिफमेल, आणि १ एप्रिल २००४ला जीमेल, तेव्हा अविश्वसनीय वाटलेल्या एक जीबी जागेसह. पत्ता कोणालाही फुकट. त्यामुळे संस्थेच्या पत्त्याची किंमत पत्त्यात उरली नाही, ती त्याच्या शेपटात उरली. एसी डॉट इन आणि ईडीयू डॉट इन ही नावं आजही अर्नेटच नोंदवतं, आणि ती शैक्षणिक संस्थेलाच मिळतात. कागदपत्रं दाखवावी लागतात. अमेरिकेत नुसत्या डॉट ईडीयूचंही तसंच, २००१पासून ते नाव तिथल्या मान्यताप्राप्त संस्थांनाच दिलं जातं. म्हणून ‘मी विद्यार्थी आहे’ हे संगणकाला पटवायचा सगळ्यात झटपट मार्ग म्हणजे हे शेपूट.

आता हे शेपूट कोणाचं, यात मुंबई विद्यापीठाच्या मुलांची एक खास गोची आहे. १८ जुलै १८५७ला स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा पसारा मुंबई शहर-उपनगरांपासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गापर्यंत. ठाण्याला बाळकुमला आणि कल्याणला विद्यापीठाची उपकेंद्रं आहेत, पण इथली बहुतांश मुलं शिकतात ती संलग्न कॉलेजांत. त्यांची पदवी विद्यापीठाची, सोळा आकडी पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, विद्यापीठाचा, आणि मेल मिळालाच तर कॉलेजचा. ठाण्याचं बांदोडकर, कल्याणचं बिर्ला अशी काही कॉलेजं आता स्वायत्त आहेत, परीक्षा त्यांच्या त्याच घेतात, तिथे कॉलेजच्या मेलला थोडं वजन आलंय. पण दूरस्थ शिक्षण घेणारी, दिवसा भिवंडीच्या गोदामात किंवा ठाण्याच्या मॉलमध्ये नोकरी करून बीकॉम करणारी मुलं? त्यांच्याकडे वापरात असतो तो झेरॉक्सवाल्यानं काढलेला आयडीच.

हे पत्ते सरसकट वाटले गेले ते करोनात. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि जूनपर्यंत कॉलेजांना कळून चुकलं की वर्ग आता मोबाईलवरच भरणार. गूगलची शिक्षणसंस्थांसाठीची सेवा फुकट होती, कॉलेजचं डोमेन होतंच, मग हजार-दोन हजार आयडी एका एक्सेल शीटमधून एका रात्रीत तयार झाले. म्हणूनच तो आयडी आजही मीट आणि क्लासरूमपुरता ओळखला जातो. पत्र पाठवायला दिलेली ती वस्तूच नव्हती. लेक्चरला हजेरी लावायला दिली होती.

आज वर्ग प्रत्यक्ष भरतात, पण सवय तीच राहिली. असाइनमेंट क्लासरूमवर, नोटीस व्हॉट्सॲपवर. सर सीआरला मेसेज करतात, सीआर ग्रुपवर टाकतो, खाली साठ अंगठे. डोंबिवलीहून ठाण्याला किंवा मुलुंडला शिकायला जाणाऱ्या मुलाच्या दृष्टीनं हे सोयीचंच. सकाळच्या गाडीत दिव्याला जी माणसं चढतात त्यानंतर एक हात कडीला आणि दुसऱ्या हातानं फोन नाकासमोर. त्यात कोण मेल उघडतंय? पण व्हॉट्सॲपवरची नोटीस पुसता येते. ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ एवढंच उरतं. केटीच्या, म्हणजे राहिलेल्या विषयांच्या, फॉर्मची तारीख सतरा की सत्तावीस यावरून वाद झाला की विद्यार्थ्याच्या हातात काही नसतं. मेल पाठवलेला असेल तर तारीख, वेळ, पाठवणारा, सगळं जागेवर राहतं. माझं स्पष्ट मत आहे की हा फरक कॉलेजांना कळत नाही असं नाही. व्हॉट्सॲप सोयीचं पडतं, त्यात हेही एक कारण आहेच.

मुलं मात्र मेल लिहायला बिचकतात, आणि त्याची गंमत अशी की त्यांना ते शाळेत शिकवलेलं असतं. दहावीच्या मराठीच्या नव्या आराखड्यात पत्रलेखनात नावगाव-पत्त्याखाली ई-मेल आयडीची ओळ लिहायची असते. उत्तरपत्रिकेत, निळ्या पेनानं. अ.ब.क. नावाच्या विद्यार्थ्याचा मेल आयडी दरवर्षी लाखो मुलं कागदावर लिहितात, आणि तीन वर्षांनी खऱ्या सरांना खरा मेल पाठवायची वेळ आली की विषयाची चौकट रिकामी, मजकूर रिकामा, नुसती जोडलेली फाईल: ‘प्रोजेक्ट फायनल फायनल टू’. पाठवणारा कोण, कुठल्या वर्गाचा, काही पत्ता नाही. दुसऱ्या टोकाला ‘रिस्पेक्टेड सर’पासून सुरू होऊन ‘युवर्स ओबिडियंट’ला संपणारं, कुठूनतरी उचललेलं इंग्रजी. एका प्राध्यापकांनी दाखवलेला एक मेल मला आवडला: ‘सर, मी एसवायबीएस्सी रोल नंबर ४१. बुधवारच्या प्रॅक्टिकलला येऊ शकलो नाही, लोकल बंद होत्या. शुक्रवारच्या बॅचला बसू का?’ मराठीत, तीन वाक्यांत, मुद्द्याचं. सरांनी दोन शब्दांत उत्तर दिलं: ‘हो, ये.’ विद्यार्थ्याकडे लेखी परवानगी आली.

या शेपटानं उघडणारी दारं वर्गाबाहेरच जास्त आहेत. सगळ्यात कमी वापरलं जाणारं दार कॉलेजच्याच ग्रंथालयात आहे. अनुदानित कॉलेजांसाठी इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याची ‘एन-लिस्ट’ नावाची योजना आहे. कॉलेज वर्गणी भरतं आणि त्यावर हजारो नियतकालिकं, लाखो ई-पुस्तकं वाचता येतात. त्यासाठी ग्रंथपालांनी विद्यार्थ्यांची नावं आणि मेल पत्ते नोंदवायचे, मग मुलांना लॉगिन मेलवर येतं. ग्रंथपालांची तक्रार ठरलेली: मुलं पत्ता देतच नाहीत, दिला तर त्यात स्पेलिंगची चूक, आणि बरोबर असला तर आलेला मेल कोणी उघडत नाही. टीवायच्या प्रोजेक्टसाठी तीच मुलं गूगलवर ‘फ्री पीडीएफ’ शोधत बसतात, आणि तोच शोधनिबंध कॉलेजनं आधीच पैसे भरून त्यांच्यासाठी ठेवलेला असतो.

संगणकाच्या मुलांना मात्र शेपटाची किंमत बरोबर कळते. गिटहबचा विद्यार्थ्यांचा संच २०१४पासून आहे; कॉलेजच्या मेलनं किंवा ओळखपत्रानं आपण विद्यार्थी आहोत हे सिद्ध केलं की एरवी पैसे पडणारी साधनं फुकट. जुलै २०२५मध्ये गूगलनं भारतातल्या अठरा वर्षांवरच्या विद्यार्थ्यांना आपली एआयची सशुल्क योजना वर्षभर फुकट देऊ केली, तेव्हा कॅन्टीनमध्ये अचानक कॉलेजच्या आयडीचे विसरलेले पासवर्ड शोधायची झुंबड उडाली. जो आयडी एफवायला कोणी उघडला नव्हता त्यासाठी आता ऑफिसच्या खिडकीवर अर्ज: ‘पासवर्ड रीसेट करून मिळावा.’

शेपटाचा आणखी एक उपयोग उलट्या बाजूनं. इंटर्नशिपचं आमिष दाखवून ‘नोंदणी शुल्क’ मागणारे मेल टीवायच्या मुलांना सर्रास येतात, विद्यापीठाचं बोधचिन्ह लावून. पाठवणाऱ्याचं नाव ‘युनिव्हर्सिटी प्लेसमेंट सेल’ दिसतं, पण नावावर बोट ठेवलं की खाली निघतो कुठलातरी साधा जीमेल. बोट ठेवायला एक सेकंद लागतो. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा, पहिल्या काही तासांतच रक्कम अडवली जाण्याची शक्यता असते.

एक गोष्ट मुलांना कोणीच सांगत नाही. ही पेटी त्यांची खासगी नाही. कॉलेजच्या ॲडमिनला त्यांचा पासवर्ड बदलता येतो, खातं बंद करता येतं, आणि नियमांच्या चौकटीत मजकूर तपासायची साधनंही त्याच्याकडे असू शकतात. प्रेमपत्रं, घरची भांडणं, आधारकार्डाचे फोटो यांची ही जागा नव्हे. आणि ॲडमिन म्हणजे कोणी मोठा अधिकारी असेल असंही नाही; बहुतेक कॉलेजांत संगणक विभागाचे एक सर आणि एक लॅब असिस्टंट हा भार आपल्या नेहमीच्या कामात ओढत असतात.

त्याच लॅब असिस्टंटच्या टेबलावर या सगळ्या कहाणीचा शेवटचा अंक होतो. फेब्रुवारी २०२१मध्ये गूगलनं जाहीर केलं की शिक्षणसंस्थांची अमर्याद फुकट जागा आता संपली. प्रत्येक संस्थेला मिळून १०० टीबी, आणि जुन्या संस्थांना हे जुलै २०२२पासून लागू. आकडा मोठा वाटतो. पण पाच हजार खाती असतील तर डोई वीस जीबी पडतात. पास होऊन गेलेल्यांची खाती तशीच ठेवून आकडा वीस हजारांवर गेला तर पाच जीबी. करोनातल्या लेक्चरांची रेकॉर्डिंगं त्यातच. मग दर उन्हाळ्यात सफाई. पास झालेल्या बॅचची खाती निलंबित, आणि काही दिवसांनी पुसून साफ. ठाणे-डोंबिवलीतल्या भाडेकरूंना अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार पाठ असतो. इथे तसा करारच नाही, तारीख कोणी सांगत नाही, आणि एका सकाळी कुलूप बदललेलं असतं.

आत राहिलेलं सामान मोलाचं असतं. प्रोजेक्टचा अहवाल, ग्रुपनं मिळून बनवलेल्या स्लाइड्स, सरांनी लाल शेरे मारलेला मसुदा, इंटर्नशिपचं प्रमाणपत्र. गूगलच्या ‘टेकआउट’मध्ये शाळा-कॉलेजच्या खात्यातला मेल आणि ड्राइव्ह सरळ आपल्या खासगी खात्यात हलवायची सोय आहे, ॲडमिननं ती सुरू ठेवली असेल तर. खासगी खात्यात मोफत जागा पंधरा जीबी, तेवढ्यात बसलं पाहिजे. शिवाय ज्या-ज्या ठिकाणी कॉलेजच्या आयडीनं लॉगिन केलंय, गिटहब, लिंक्डइन, ऑनलाइन कोर्सेस, तिथे दुसरा पत्ता आधी जोडून ठेवायचा. ही कामं टीवायच्या शेवटच्या परीक्षेआधी करायची असतात, कारण नंतर सगळे मामाच्या गावाला जातात. निकालाच्या सूचनेबरोबर खातं बंद होण्याची तारीख आणि हे दोन मार्ग कळवणं कॉलेजला एका मेलचं काम आहे. वर्षभराची मुदत देता आली तर उत्तमच. रेकॉर्डिंगं काढून टाकली की जागा होते.

कॉलेजच्या आयडीकडे होणारं हे दुर्लक्ष सगळ्यात जास्त जाणवतं ते परदेशी शिकायला जाणाऱ्यांना, आणि डोंबिवली-ठाण्यात तशी घरं आता एका मजल्यावर दोन सापडतील. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात बहुतेकदा दोन-तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात. ती विद्यार्थ्यानं जोडायची नसतात. त्यानं प्राध्यापकांचा पत्ता द्यायचा, विद्यापीठ थेट त्यांना दुवा पाठवतं. आणि बऱ्याच ठिकाणी हा पत्ता संस्थेचाच हवा असतो. इथे विद्यार्थी अडतो, कारण वीस-वीस वर्षं शिकवणारे सर-मॅडमही जीमेलच वापरत असतात. कॉलेजनं त्यांनाही २०२०मध्ये एक आयडी दिलेला असतो. त्यांनीही तो क्लासरूमपलीकडे उघडलेला नसतो. नोव्हेंबर-डिसेंबरात, अर्जांच्या शेवटच्या तारखांच्या तोंडावर, माजी विद्यार्थी स्टाफरूममध्ये येऊन सरांच्या फोनवर त्यांच्याच अधिकृत आयडीचा पासवर्ड रीसेट करून देतो, हा देखावा आता नवा राहिलेला नाही. दुवा कधीकधी स्पॅममध्ये सापडतो. मॅडम घाईघाईनं गुण भरतात.

तिकडे पोचल्यावर नियम आणखी कडक. अमेरिकेत बहुतेक विद्यापीठं स्पष्ट लिहून देतात की विद्यापीठाचा मेल हेच अधिकृत संपर्काचं साधन. वाचला नाही ही सबब चालत नाही. फीची तारीख, वर्गनोंदणी, आरोग्यविमा, सगळं तिथेच. व्हॉट्सॲपवर वाढलेल्या मुलाला पहिलं सत्र यातच जातं. आणि पदवी झाल्यावर नेमकी उलटी शिस्त लागते. शिक्षणानंतर वर्षभर नोकरीची जी परवानगी मिळते, ज्याला सगळे ओपीटी म्हणतात, त्या काळात पत्ता आणि नोकरीची माहिती भरायला ‘सेव्हिस’ या नोंदवहीशी जोडलेलं एक पोर्टल आहे. त्याचं आमंत्रण नोंदवहीतल्या मेल पत्त्यावर जातं. तिथे विद्यापीठाचा पत्ता राहिला असेल आणि तो पदवीनंतर बंद झाला, तर आमंत्रण बंद पेटीत पडतं, आणि नोकरीची नोंद न होता बेरोजगारीचे दिवस मोजले जात राहतात. मुभा नव्वद दिवसांची आहे. उपाय सोपा: पदवीआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन नोंदवहीत खासगी पत्ता टाकून घ्यायचा. तो खासगी पत्ता झेरॉक्सवाल्यानं काढलेला, बाबांच्या जुन्या नंबरला बांधलेला असेल, तर विमानात बसण्याआधी तो सोडवायचा.